फॉरमॅट मारायच्या आधी

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास बोरीहून भाचीचा फोन आला. एवढ्या रात्री गावाकडून फोन म्हटल्यावर आधी पोटात गोळा येतो, तसा आला.

"मामा, पीसी चालू होईना. म्हणजे होतोय, पण विंडोजचा लोगो येतो, ते गोल गोल फिरतं आणि आपोआप रिस्टार्ट होतोय. दुकानवाले म्हणाले फॉरमॅट मारावं लागतंय, सकाळी घेऊन या."

हुश्श! सगळे धडधाकट आहेत तर. मग मी विचारलं, "त्यात काय काय आहे?"

"सगळंच."

हा "सगळंच" मी त्याच घरात, त्याच खोलीत, २००७ साली ऐकलेला आहे. तिला म्हटलं, सकाळी कुठेही नेऊ नकोस, आत्ता स्क्रूड्रायव्हर घे. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या निमित्ताने बऱ्याच वर्षांपासून मनात साचलेलं एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना कॉम्प्युटरमध्ये रस नाही त्यांनी (वहिनी, तुम्ही!) मधले दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालेल, अण्णांचा भाग मात्र वाचा.

बोरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. २००४ च्या दिवाळीत आमच्या घरात कॉम्प्युटर आला. परभणीहून असेंबल करून घेतलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि तो पोटुशी बाईसारखा दिसणारा मॉनिटर. मी तो जीपमध्ये मांडीवर घेऊन आलो होतो आणि झरीपर्यंत येता येता मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. तेव्हा "असेंबल्ड" हा शब्द लोक जरा सावत्र लेकराबद्दल बोलावं तसा उच्चारायचे. ब्रँडेड म्हणजे घरंदाज, असेंबल्ड म्हणजे जमवलेलं. मला मात्र त्याचा अभिमान होता, कारण त्याच्या पोटातली प्रत्येक वस्तू कोणती आणि कितीची हे मला माहीत होतं.

खरा वापर केला तो अण्णांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक उद्योग काढला होता. गावशिवारातल्या विहिरींची आणि शेतांची नावं जमवायची. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर असतात, पण लोक बोलताना "चिंचेच्या विहिरीपाशी", "गोसाव्याच्या पट्टीत", "खालच्या लवणात" असंच बोलतात. हे नाव का पडलं, विहीर कुणी खोदली, कोणत्या दुष्काळात आटली, कोणत्या दुष्काळात आटली नाही, असं म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून ते श्रीलिपीत टाईप करायचे. दोन बोटांनी. लाईट असेल तेव्हा, आणि त्या काळात ती असायची किती हे मराठवाड्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पहाटे चारला लाईट आली तर पहाटे चारला बसायचे. जवळपास दोनशे नावं झाली होती.

२००७ च्या मे महिन्यात मशीन मध्येच रिस्टार्ट व्हायला लागलं. कधी विंडोज सुरू होता होता, कधी झाल्यावर. मी पुण्यात. अण्णांनी एकाला बोलावलं. त्याने पाहिलं, म्हणाला व्हायरस आहे, विंडोज मारावी लागेल. अण्णांनी विचारलं, माझं लिहिलेलं राहील ना? तो म्हणाला, यात काय काय आहे? अण्णा म्हणाले, सगळंच. पुढे नेमकं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण त्याने सी आणि डी दोन्ही साफ केले, म्हणजे व्हायरस कुठे लपून राहायला नको! तीनशे रुपये घेतले आणि गेला. मुलगा वाईट नव्हता. चहा पिताना आईच्या मोबाईलची रिंगटोनही बदलून दिली त्याने.

तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा रिस्टार्ट व्हायला लागलं.

जूनमध्ये मी गावी गेलो तेव्हा साईडचं झाकण काढलं. दोन मिनिटं लागली नाहीत कळायला. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी जे पिटुकले डबे उभे असतात, कपॅसिटर, त्यातले पाच टम्म फुगले होते. वरचा भाग सपाट असायला हवा, तो पुरीसारखा वर आलेला, आणि दोघांच्या डोक्यावर तपकिरी खपली धरलेली. हे कपॅसिटर प्रोसेसरला जाणारा वीजदाब स्थिर ठेवतात. ते गेले की जरा काम वाढलं, की प्रोसेसरचा घास अडकतो आणि मशीन बसतं. विंडोज सुरू होणं हे मशीनला बऱ्यापैकी कष्टाचं काम, म्हणून ते नेमकं तिथेच बसायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं दोष विंडोजचा आहे.

आमचंच नशीब खोटं होतं असंही नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कितीतरी मदरबोर्डांवर सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर लागले होते, जगभर. डेलसारख्या कंपनीने २००५ मध्ये असे बोर्ड बदलून देण्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. म्हणजे ज्यांना आपण घरंदाज म्हणत होतो त्यांच्याही घरात हेच चाललं होतं!

अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी ते डबे पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे फॉरमॅट नसतं मारलं तर चालू झालं असतं का?"

"चालू झालं नसतं अण्णा. पण तुमचं लिहिलेलं राहिलं असतं."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोनशे पानी वही आणायला सांगितली. आठवेल तसं पुन्हा लिहायला घेतलं. ६१ नावं लिहून झाली. बाकीची ज्यांनी सांगितली होती त्यातली बरीच माणसं तोवर गेली होती, काहींना सांगितलेलं आठवत नव्हतं. अण्णा २०१४ मध्ये गेले. वही आहे.

मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते. क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही. तलाठ्याच्या दफ्तरातल्या रजिस्टरची नुसती अनुक्रमणिका फाडली तर आतली पानं तशीच राहतात, पण कोणतं पान कुणाचं हे सापडत नाही, तसं असतं ते. आणि विंडोज एक्सपीच्या काळात तर पूर्ण फॉरमॅटसुद्धा डिस्कवर शून्यं लिहीत नसे, नुसते खराब भाग तपासायचं. (व्हिस्टापासून ते बदललं.) म्हणजे डिस्क काढून बाजूला ठेवली असती तर अण्णांची बहुतेक पानं परत मिळाली असती. त्यासाठीची सॉफ्टवेअरं तेव्हाही फुकट मिळत होती. पण मी काय केलं? बोर्ड बदलला, आणि त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकली, वर चार-पाच जीबी जुनी गाणी भरून दिली, अण्णांना बरं वाटावं म्हणून. कोऱ्या वाटणाऱ्या पानांवर मीच शाई सांडली. तेव्हा त्या पोराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

असो.

तर माझं म्हणणं असं, की बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधी फॉरमॅट मारणं याला दुरुस्ती म्हणू नये. आपल्याकडे डॉक्टरकडे गेलं आणि त्याने सुई दिली नाही, सलाईन लावलं नाही, तर पेशंटला वाटतं ह्याला काही येत नाही. मग डॉक्टरही निमूटपणे लाल रंगाचं सलाईन लावतात. फॉरमॅट हे कॉम्प्युटरचं सलाईन आहे. दिसतं मोठं, लागतो एक तास, आणि मशीन दोन दिवस खरोखरच ताजंतवानं वाटतं.

आणि यात चूक दुकानवाल्यांपेक्षा आपली जास्त आहे असं माझं हळूहळू मत झालं आहे. "विंडोज टाकून दिली" म्हटलं की आपण तीनशे, पाचशे काढून देतो. पण एखाद्याने तीन तास घालवून सांगितलं, की काही नाही, रॅमची काडी नीट बसली नव्हती, पुन्हा बसवली, तर आपण म्हणतो, "एवढंच? ह्याचे कसले पैसे?" मग तो कशाला शोधत बसेल! मोटारसायकलवाल्या मिस्त्रीला नुसता आवाज ऐकून सांगितल्याचे पैसे कुणी देत नाही, पार्ट बदलल्याचे देतात. तेच इथे. एमएस-सीआयटी करून खेड्यापाड्यांतली लाखो पोरं वर्ड-एक्सेल शिकली हे फार चांगलं झालं, पण कॅबिनेटचं झाकण ही लक्ष्मणरेषाच राहिली. आतलं सगळं "हार्डवेअरवाल्याचं".

खरं तर बूट न होणाऱ्या मशीनचा विचार करायला फार काही लागत नाही. परभणीहून सुटलेली एसटी झरी, बोरी करत जिंतूरला पोचते. आधी वीजपुरवठा म्हणजे एसएमपीएस, मग प्रोसेसर, मग रॅम, मग डिस्प्ले, मग हार्ड डिस्क, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. विंडोज हे जिंतूर आहे. पडद्यावर काहीच उमटत नसेल तर गाडी अजून झरीच्याही अलीकडे आहे, आणि आपण जिंतूरच्या स्टँडवर जाऊन कंट्रोलरशी भांडतोय.

ही तपासणी मशीन स्वतः रोज करतं, १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून. त्याचा निकाल पूर्वी शिट्टीने सांगायचं. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. ते ऐकवणारा छोटासा स्पीकर हल्ली कॅबिनेटवाले देतच नाहीत. काच आणि रंगीत दिवे देतात! बऱ्याच नव्या बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, बूट. जो दिवा लागून राहिला तिथे गाडी अडली. पण ते बघायला झाकण उघडावं लागतं, हेही आलंच.

आणि पद्धत म्हणाल तर एकच. काढत जायचं. प्रिंटर काढा, पेनड्राईव्ह काढा, वेबकॅम काढा. तरीही नाही? दुसरी डिस्क काढा, दोन रॅम असतील तर एक काढा. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी चालू करून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं तर आनंद होतो खरा, पण कळत काहीच नाही. मी स्वतः ही शिस्त कित्येकदा मोडली आहे. त्यातला एक प्रसंग सांगतो.

२०२३ चा जुलै. त्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा, आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये. शेवटची तारीख ३१ जुलै. त्या हंगामात राज्यातून दीड कोटीच्या वर अर्ज गेले, यावरून गर्दीची कल्पना करा. (ती एक रुपयाची सोय २०२५ च्या खरिपात बंद झाली.) माझ्या धाकट्या चुलतभावाचं बोरीत असं केंद्र आहे. मशीन आम्ही दोघांनी मिळून असेंबल केलेलं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा काढून मी तेव्हा गावातच होतो.

शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी आठला तो घरी आला. "दादा, ते चालूच होईना गेलंय बघ." आठवडाभर ते तीन-चारदा बटण दाबल्यावर चालू होत होतं, आणि एकदा झालं की दिवसभर मुकाट चालायचं. त्यामुळे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि संध्याकाळी बंदच करत नव्हता. रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, आणि सकाळी पंखा गर्रकन फिरून थांबायला लागला. पायऱ्यांवर चाळीसेक माणसं बसलेली. हातात सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. फोनवर एका जाणकाराने सल्ला दिलेलाच होता, विंडोज मारून टाक. डिस्कवर दोन-तीनशे लोकांचे स्कॅन केलेले कागद होते!

आधी एसएमपीएसवर संशय. शेजारच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून मल्टिमीटर आणला. बोर्डाची मोठी पिन काढून तिच्यातली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली (असं केलं की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो), आणि पिवळ्या वायरवर दाब मोजला. १२.१ व्होल्ट. उत्तम! ११.४ ते १२.६ च्या मध्ये असला की चालतं. मी मोठ्या थाटात जाहीर केलं, एसएमपीएस ठणठणीत आहे.

पुढचे दोन तास आम्ही काय काय केलं ते विचारू नका. रॅमच्या काड्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले. बोर्डावरचा सेल बदलला. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडला. पायऱ्यांवरची माणसं आता दारात उभी राहून बघत होती, आणि एक आजोबा तर मला विचारून गेले, की "हे बिघडलं तर आमचा इमा बुडल का?" मी नाही म्हणालो, पण माझ्या आवाजात दम नव्हता.

शेवटी वाइंडिंगवाला आपला मल्टिमीटर परत न्यायला आला. आमची कथा ऐकली आणि म्हणाला, "रिकामी मोटार तं कुनाचीबी फिरती. पानी उचलायला लावा, मंग कळतंय."

एवढंच. मला लाज वाटली ती अशी, की हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पिन पुन्हा बोर्डाला लावली, मल्टिमीटरचं टोक मागून पिवळ्या वायरच्या खोबणीत खुपसलं आणि बटण दाबलं. बारा, अकरा, साडेदहा, आणि फट्! बंद. बोजा आला की मान टाकत होता. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की थंड असताना उठत नाहीत, चार-पाच धक्के खाऊन गरम झाले की उठतात, म्हणून ते रोजचं तीन-चारदा बटण दाबणं. रोग आठवडाभर ओरडून सांगत होता. (एसएमपीएस उघडायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नका. प्लग काढल्यावरही आत जबर दाब साठलेला असतो.)

शेजारच्या मोबाईलच्या दुकानदाराने दिवसभरासाठी आपल्या मशीनचा एसएमपीएस काढून दिला. साडेअकराला पहिला अर्ज भरला गेला. त्या विचारणाऱ्या आजोबांचाच. शनिवारी परभणीहून नवा एसएमपीएस आला, या वेळी कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा नव्हे. तारीख पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली, पण ते आम्हाला त्या सकाळी कुठे माहीत होतं.

तो एसएमपीएस अकाली का मेला याचंही उत्तर गावातच आहे. आमच्याकडे विहिरीवरच्या बहुतेक मोटारींना ऑटो स्विच असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू, शेतकऱ्याला रात्री उठून जावं लागत नाही. पण त्याचा अर्थ असा, की लाईन आल्या आल्या एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी पाणी उचलायला लागतात. मोटार चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. दाब धाडकन खाली येतो, मग उसळतो. शेती आणि गावठाणाचं फीडर वेगळं असेल तिथे हे कमी, पण सगळीकडे ते तसं वेगळं आहे का, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या बल्बकडे बघून ठरवावं. म्हणून माझा नियम साधा आहे. लाईन आल्यावर दहा मिनिटं कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

दुसरं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे गावाकडच्या पीसीवाल्यांना इतकं सवयीचं आहे की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. होतं असं, की एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला दोन बारके कपॅसिटर पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा जवळपास निम्म्या दाबावर, शे-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या खरोखर आतली वायर पत्र्याला लागली तर वाचवायला काहीच नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो, आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. यामुळेच पीसी रिस्टार्ट होतो असं मात्र मी म्हणणार नाही. सगळ्या दुखण्यांचं खापर अर्थिंगवर फोडणं म्हणजे पुन्हा तेच, व्हायरस आहे, विंडोज मारा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुन्या जमान्याचं झालं. मला तर उलट वाटतं. अण्णांच्या वेळी फॉरमॅटनंतर परतीची वाट उघडी होती, आपल्याला ती दिसली नाही एवढंच. आता एसएसडी असते. तिच्यावर फॉरमॅट मारलं की मशीन तिला सांगतं, या जागा रिकाम्या झाल्या, आणि ती स्वतःच आतून त्या साफ करून टाकते. रजिस्टरची अनुक्रमणिका फाडली की पानंही आपोआप जळतात, असा प्रकार! शिवाय नवीन विंडोज ११ अनेकदा डिस्कला आपणहून कुलूप घालते, आणि त्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. ते खातं कोणी, कोणत्या नंबरवर काढून दिलं होतं हे घरात कुणालाच आठवत नसतं. तेव्हा आज विचार न करता मारलेलं फॉरमॅट २००७ पेक्षा महाग आहे.

"मग बॅकअप घ्यायचा ना!" बरोबर आहे, घ्यायलाच हवा. पण बॅकअप घ्यायला हवा हे माहीत असलेल्या माणसाला हा लेख नकोच आहे. आणि "ब्रँडेड घ्या, कटकट नको" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांत आणि ऑल-इन-वनमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते. तिथे काढत जायचं म्हटलं तर काढणार काय? केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण कायद्याने हक्क मिळाला तरी झाकण आपल्यालाच उघडावं लागणार.

तर भाचीचं काय झालं?

तिला आधी प्लग काढून बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगितलं. मग काळजी घेऊन झाकण. प्रिंटर, वायफायचा डोंगल, सगळं बाहेर. तरी रिस्टार्ट. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन काड्या होत्या. एक काढली, तरी रिस्टार्ट. ती ठेवून दुसरी काढली. चालू! पंधरा मिनिटं चालू. "मामा, झालं!" म्हणून ओरडली, तर मागून ताई म्हणाली, हळू, आजी झोपलीय. म्हटलं अजून झालं नाही. खराब वाटते ती काडी आता ह्या चांगल्या खाचेत लावून बघ. दोष काडीचा की खाचेचा, हे कळलं पाहिजे. लावली, आणि पुन्हा रिस्टार्ट. म्हणजे काडीच. पावणेबारा वाजले होते.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले, की नवी घेऊन टाक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सुदैवाने बिल सापडलं, काडी वॉरंटीत होती. परभणीला देऊन आली आहे, तीन आठवडे लागतील म्हणाले. तोवर एका काडीवर चाललंय. फॉरमॅट नाही मारलं. दुकानवाल्याला तिने परत जाऊन सांगितलं म्हणे, की रॅम होती. तो म्हणाला, मलाही तेच वाटलं होतं!

आणि त्या "सगळंच" मध्ये काय होतं ते मला काल कळलं. कॉलेजच्या फाईली, फोटो, सिनेमे, आणि "अण्णांची वही" नावाचा एक फोल्डर. सुट्टीत ती पानं स्कॅन करून टाईप करायला घेतलीत तिने, मला न सांगता. युनिकोडमध्ये. आज दुपारी मेसेज आला, "मामा, पान २३ वर 'सातबायांची विहीर' आहे का 'सासबायांची'? अक्षर कळेना. आजी म्हणते दोन्ही नाहीत, तिसरंच काहीतरी आहे, आठवून सांगते."